बीमोड

त्या रविवारी आईने ज्वारीचं बी उन्हात टाकलं होतं. पोळा होऊन गेला होता, ऊन कडक पडत होतं. अंगणात जुनं लुगडं अंथरून तिने बियाचा मातीचा डेरा त्यावर पालथा केला आणि राखेचा लोट उठून माझ्या चहात बसला.

"पी. राखेनं कोणी मरत न्हाई," आई म्हणाली.

मी जालन्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. सुट्टीला तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी यायचं, आईजवळ बसून वाचायचं आणि वाचलेलं तिला सांगायचं, असा रिवाज होता. त्या दिवशी सांगितलं, की दूर उत्तरेला बर्फाच्या डोंगरात बोगदा खणून जगभरच्या पिकांचं बी जपून ठेवलंय. उद्या कुठे लढाई झाली, दुष्काळ पडला, तर लोकांना पेरायला असावं म्हणून.

"बर्फात?" ती सुपातली राख फुंकत म्हणाली. "मंग उंदराचा तरी तरास न्हाई त्यास्नी."

हे बी तिने लग्नात माहेराहून, आष्टीहून आणलेलं. या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. गावात आता ज्वारी कोणी पेरत नाही. पाखरं राखायला माणूस मिळत नाही, काढणीला तर बिलकुल नाही, आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. आई मात्र विहिरीकडची एक पट्टी दरसाल ज्वारीला ठेवायची. आजोबांच्या काळी तिथे आमच्या मेंढ्या बसायच्या. रामेश्वरला, माझ्या भावाला, तिथे मोसंबी लावायची होती.

"आई, आख्ख्या शिवारात तुझ्या एकटीची ज्वारी," तो गाडी पुसत म्हणाला. "गावभरची पाखरं आपल्याच घरी जेवून राह्यली."

"जेवू दे. तुझ्या मोसंबीला पाखरूबी इचारणार न्हाई."

"मोसंबी बाजारात जाती. तुझी ज्वारी कुठं जाती?"

"तुझ्या पोटात."

तो हसला. संध्याकाळी तिने कीड लागू नये म्हणून बी पुन्हा राखेत कालवून डेऱ्यात भरलं आणि डेरा स्वयंपाकघरात कोपऱ्यात ठेवला. मी शेवटच्या बसने जालन्याला परतले.

मंगळवारी सकाळी आई विहिरीकडे गेली आणि बांधावर बसली ती उठलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांना रामेश्वरनेच कळवलं, माझ्या मैत्रिणींनाही. कुणी मला फोन केला की मी नुसती "हं" म्हणायचे, पलीकडचं माणूस बोलत राहायचं. घरात कुणी काही हातात दिलं की धरायचे, मागितलं की द्यायचे. भूक लागत होती, झोप येत होती. याचं मला नवल वाटायला हवं होतं, तेही वाटत नव्हतं.

डोक्यात एकच गोष्ट होती: पेरणी. तेरावं झालं की पट्टी पेरायची. रामेश्वरला तसं म्हटलं.

"पेरू," तो म्हणाला. "मोसंबी कुठं पळून जाती? तिचं बी हाये तोवर पेरू."

तेराव्याला आष्टीहून बेबीनंदामावशी आली, आईची धाकटी बहीण. आल्या आल्या तिने पदर खोचून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वहिनी पाहुण्यांच्या चहापाण्यात अडकलेली, मी आणि रामेश्वर भाजी आणायला तीर्थपुरीला गेलो. परत आलो तर डेरा धुऊन अंगणात पालथा घातलेला होता. मावशीसमोर पिठाचा डबा होता. मी त्याला हात लावला. गिरणीतून नुकताच आलेला, गरम.

"पीठ पुरत नव्हतं," मावशी म्हणाली. "आक्काच्या डेऱ्यातली ज्वारी दळून आणली. राख लई घातल्ती बाई तिनं. चाळू चाळू हात काळे झाले."

रामेश्वरने माझ्याकडे पाहिलं. मग भाजीची पिशवी खाली ठेवून तो मांडव बघायला बाहेर गेला. मी परातीत पाणी ओतून दिलं, कारण मावशीने मागितलं.

जेवताना म्हातारी माणसं विचारत होती, ही ज्वारी कुठली? अशी भाकर किती दिसानं खाल्ली. मीही खाल्ली. चव होती तशीच होती. बीमोड हा शब्द मी किती पुस्तकांत वाचलाय: शत्रूचा, रोगाचा, उंदरांचा. तो दोन तुकडे करून कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात चार घरी विचारून आले, आईकडून कधी बी नेलं होतं का. सगळीकडे नकारार्थी मान हलली. "पाकिटातलं घे की," एक काकू म्हणाल्या. "तुमच्या जालन्यात त्याचीच तर दुकानं."

घरी आले तर मावशी निघायच्या तयारीत होती. रामेश्वर तिला फाट्यावर सोडणार होता. तिने एक रिकामी पिशवी माझ्यापुढे धरली.

"अंजे, आक्काच्या बियातलं ओंजळभर दे बाई. काल भाकर खाल्ली अन् आमची आई आठवली. आमच्याकडं कोणापाशीच न्हाई राह्यलं. परसात पेरीन."

मी पिशवी धरली.

"आई खायची ज्वारी राखेत ठिवायची अन् बियाची कणसं आढ्याला टांगायची. आक्काबी तसंच करती ना?" मावशीने वर पाहिलं. "कुठं टांगल्यात?"

वर सिमेंटचा स्लॅब होता आणि पंखा. जुनं घर पाडल्यापासून आमच्याकडे आढं नाही. तेव्हापासून आई बीसुद्धा राखेतच ठेवत होती.

"मावशी, देतो धाडून नंतर," रामेश्वर दारातून म्हणाला. "जल्दी चला, गाडी जाईल."

"बरं. धाडायच्या आधी आक्काला इचार मात्र," मावशी मला म्हणाली. चप्पल शोधताना सवयीने बोलून गेली. "न्हाईतर म्हणंल, न इचारता नेलं."

"आई गेली," मी म्हणाले.

फार हळू म्हणाले असावे, कारण मावशीने "काय?" म्हणून मान वळवली.

"आई गेली, मावशी. अन् डेऱ्यात होतं तेच बी होतं."