जेटीवरचा आठवा

सुरुची दिघे यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यांतली विशेषणं खुडण्यात घालवलं. आधी दादरच्या एका प्रकाशन संस्थेत सव्वीस वर्षं मुद्रितशोधन, आणि निवृत्तीनंतर गिरगावातल्या घरी बसून 'लोककोश' या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाचं संपादन. लोककोश कुणीही लिहायचा, कुणीही दुरुस्त करायचा. भांडण लागलं की सुरुचीताईंसारख्या प्रचालकांनी मध्ये पडायचं. 'शूर' कापायचं, 'क्रूर' कापायचं, संदर्भ असेल तेवढं ठेवायचं. या कामात त्यांचा हात कुणी धरत नसे.

वेळणगडचा लेख त्यांच्याकडे आला तो असाच. वेळणगड म्हणजे कोकण किनाऱ्यावरचं एक चिमुकलं संस्थान. देश स्वतंत्र झाला तरी आम्हाला विलीन व्हायचं नाही, आमचं राज्य आमचंच, असं म्हणत तिथे एक चळवळ उभी राहिली. फेब्रुवारी एकोणपन्नासमध्ये जेटीवर जमलेल्या जमावावर, विलीनीकरणाला राजी झालेल्या दरबाराच्या हुकमाने, संस्थानी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दोन महिन्यांत सगळं शांत झालं. इतकं शांत की सत्तर वर्षं कुणाला आठवण नव्हती. मग कुणा नव्या पोरांनी ती चळवळ उकरून काढली, आणि लेखावर धुमश्चक्री सुरू झाली. कुणी लिही 'स्वातंत्र्यलढा', कुणी लिही 'फुटीर कारवाया'. सुरुचीताईंनी 'सार्वभौमत्वाची चळवळ' असा कोरडा शब्द घातला आणि बरेचसे गडी दमून निघून गेले.

दोघे मात्र हटेनात. एकाचं नाव 'जेटीवरचा', दुसऱ्याचं 'शिपाई_२१७'. त्यांचं भांडण चळवळीवरून नव्हतंच. जेटीवरचा रोज लिही, 'गोळीबारात आठ जण मेले.' शिपाई रोज आठचे सात करी.

सरकारी चौकशी अहवालात सात नावं होती. सुरुचीताईंनी चर्चापानावर जेटीवरच्याला विचारलं, "आठव्याचा संदर्भ काय?"

उत्तर आलं, "घरी येऊन बघा. करी रोडला राहतो. दुपारी चारनंतर या. सकाळी तो बसलेला असतो, त्याच्यासमोर बोलता येत नाही." खाली इमारतीचं नाव आणि मजला.

तासाभराने शिपायाचा निरोप आला. "तो तुम्हाला काहीबाही सांगेल. त्याआधी माझं ऐका. सकाळी अकराला या. दुपारी तो असतो." खाली पत्ता होता. तोच. तीच इमारत, तोच सतरावा मजला, तेच दार.

सुरुचीताईंनी दोन्ही निरोप तीनतीनदा वाचले. त्यांनी दुसऱ्या प्रचालकाला, अवधूतला, फोन केला.

"सुरुचीताई, सरळ केस आहे," अवधूत हसत म्हणाला. "एकच माणूस दोन खाती चालवतोय. नंतर उघडलेलं खातं बंद करा, विषय संपला. जाता कशाला?"

"बघून तर येते," त्या म्हणाल्या. आपण का जातोय ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

सकाळी अकराला, जुन्या चाळी पाडून उभारलेल्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर सीमा नावाच्या तिशीतल्या बाईने दार उघडलं. खिडकीतून शिवडीकडचा समुद्र राखाडी पट्टीसारखा दिसत होता. खिडकीशी खुर्चीवर एक म्हातारा ताठ बसला होता. दाढी केलेली, सदऱ्याचं वरचं बटणही लावलेलं. डोळे उघडे होते, पण बुबुळांवर दुधी साय आली होती.

"हे आमचे आजेसासरे, गुणाजी आजोबा," सीमा म्हणाली. "चौऱ्याण्णव पूर्ण. काचबिंदू आणि मोतीबिंदूने नजर गेली. पण बोललं की मोबाइल लिहितो, वाचूनही दाखवतो, त्यामुळे दिवस बरा जातो त्यांचा."

"बसा बाई," म्हातारा म्हणाला. भाषा स्वच्छ, आवाज खरखरीत. "शिपाई, बक्कल नंबर दोनशे सतरा. पोलिसात होतो, मग संस्थान गेलं आणि इथे लालबागला गिरणीत लागलो. मी त्या दिवशी जेटीवर होतो. सात पडले. सातांचा पंचनामा झाला. कागदात आठवा नाही. तुमचाच नियम आहे ना, कागदात नाही ते नाही?"

"हो, नियम तोच आहे," सुरुचीताई म्हणाल्या. "पण आठवा कोण, असं जेटीवरच्याचं म्हणणं आहे?"

म्हाताऱ्याने सदऱ्याचं बटण चाचपलं. "बुधाजी. माझा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा होता, त्या लोकांच्या नादाला लागला होता. तो मेला नाही. आफ्रिकेला पळाला. पुढे पत्र नाही, काही नाही. पळालेला माणूस मेलेल्यात कसा धरायचा?"

"मग आजोबा, जेटीवरचा कोण आहे?"

म्हाताऱ्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. सीमाने त्याला पेज भरवली, तोंड पुसलं. खुर्चीतच त्याची मान कलली. सुरुचीताई निघायला उठल्या, तशी सीमा म्हणाली, "ताई, धाकट्यांना नाही भेटणार? चारला येतील, जेवूनच जा. तुम्ही येणार म्हणून कालपासून वाट बघतायत."

"कोण धाकटे?"

"बुधाजी आजोबा," सीमा म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

सुरुचीताई परत बसल्या. जेवण झालं, चार वाजून गेले. म्हाताऱ्याने मान उचलली. आधी त्याने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मग एक पाय खुर्चीवर दुमडून घेतला. चौऱ्याण्णव वर्षांचा गुडघा सहज वाकला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जागच्या जागी होत्या, पण त्यांच्या आत कुणी दुसरंच माणूस येऊन बसलं होतं.

"दादा गेलो?" त्याने विचारलं. आवाज नुकता फुटलेल्या पोराचा होता.

"गेले. गिरगावच्या ताई आल्यात," सीमाने कपबशी त्याच्या हातात दिली आणि सुरुचीताईंना हळूच म्हणाली, "घाबरू नका. मोठ्यांना शुगर आहे, त्यांचा चहा फिका. ह्यांना गोड लागतो. पहिल्यांदा मीही घाबरले होते. दोन वर्षं झाली आता. दोघांचं एका खात्यात पटेना, एकाने लिहिलेलं दुसरा खोडायचा. म्हणून दोन काढून दिली. आधी ह्यांनी मागितलं, मग मोठ्यांनी."

"आणि ह्यांचं तू लिहितेस?"

"मोबाइलला मालवणी कळत नाही ना. यांचं मी शुद्ध करून टाइप करते."

"बाये," पोराचा आवाज म्हणाला, "आठवो मी. लिव तू. सात जण जेटीर पडले, मी पाण्यात पडलंय. दादा समोरच होतो. त्येना माका वळखल्यान. माझ्याकडे बगल्यान आणि बंदूक खाली करूक नाय."

सवयीने सुरुचीताईंनी विचारलं, "याला आधार काय?"

तो हसला. "आधार? रात्री दादान माका होडयेत घातल्यान आणि खाडीच्या तोंडाक सोडल्यान. कोणाक कळाक नको म्हणान. कमरेक जात्याची तळी बांधल्यान. मी थंयच आसंय. वर होडयो जातत, त्येंचो आवाज येता." मग त्याने बशीतला चहा भुरकला आणि मिशी नसलेल्या जागेवरून हात फिरवला.

सुरुचीताई घरी कशा पोचल्या ते त्यांना आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून त्या संगणकासमोर बसल्या तेव्हा डोकं थंड झालं होतं. म्हातारपणी मेंदू असे खेळ खेळतो. डोक्यात कुठेतरी रुतलेला भाऊ बोलतो. आपण डॉक्टर नाही आणि न्यायाधीशही नाही. आपल्यासमोर नियम आहे: एक माणूस, एक खातं. नंतर उघडलेलं बंद करायचं. यात कुणाची बाजू घेणं आलंच नाही.

त्यांनी 'शिपाई_२१७' बंद केलं. कारण लिहिलं, 'दुहेरी खाते.' अवधूतने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी दहाला सीमाचा फोन आला. "ताई, मोठे आजोबा उठलेच नाहीत."

"म्हणजे? गेले?"

"नाही हो. उठलेत, जेवतायत, पण धाकटेच आहेत. परवापासून रात्रंदिवस धाकटेच. माझ्या नवऱ्याला, धनेशला, विचारतात तू कोण? आईला हाका मारतात. परळच्या हॉस्पिटलात सगळ्या टेस्ट केल्या. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही. ताई, तुम्ही काही केलंत का?"

सुरुचीताईंनी फोन कानाशी धरूनच खातं पुन्हा उघडलं. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग टॅक्सी करून करी रोड गाठलं.

भर सकाळी तो खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्यांच्या पावलांची चाहूल लागताच त्याने तोंड वळवलं.

"दादाक खंय धाडलंस?"

"नियम होता," सुरुचीताई म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"आता मी आठ लिवतंय, कोण खोडीत नाय," तो म्हणाला. त्याच्या साय आलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माका लोकांनी सांगूक नको होता. तुमच्या कागदानय नको. दादान एकदा सांगूक होया होता. तेवढ्यासाठी मी वर येय होतंय."

सुरुचीताई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. साठ वर्षांच्या बाईने सतरा वर्षांच्या पोराची समजूत काढावी तशा म्हणाल्या, "दादांचं दार मी उघडून दिलंय. चूक माझी झाली. त्यांना हाक मार."

त्याने समुद्राच्या दिशेने तोंड केलं. मग हळूच म्हणाला, "दादा." परत म्हणाला. पुढे तो किती वेळ हाका मारत होता कुणास ठाऊक. सीमा दाराच्या चौकटीला टेकून पदराने तोंड दाबून उभी होती. सुरुचीताईंनी त्याचा हात हातात घेतला होता. तो हात थंड होता, आणि नखांच्या कडेला आत्ताच पाण्यातून काढल्यासारखा सुरकुतलेला, पांढराफटक.

मग हात हळूहळू उबदार झाला. म्हाताऱ्याने पाय खाली सोडले, पाठ ताठ केली, आणि चाचपडत सदऱ्याचं बटण लावलं.

"सीमा, मोबाइल दे," खरखरीत आवाज म्हणाला. "बाई, तुम्ही आहात ना? ऐका."

"तुमचं बोलणं माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड करू का, आजोबा?"

"करा."

त्याने गोळीबाराचा दिवस सांगितला. भरतीची वेळ, साहेबाचा हुकूम, पहिली फैर हवेत, दुसरी जमावात. मग एकेक नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, वाडीसकट. सात झाली. थांबला. त्याचा खालचा ओठ लोंबत होता. "आठवा बुधाजी," तो म्हणाला. "मी त्याला ओळखला होता. गोळी माझी. होडीही मीच नेली. आफ्रिका मी आईला सांगितली. आई बारा वर्षं पत्राची वाट बघत मेली."

त्याच दिवशी 'शिपाई_२१७'ने लेखात साताचे आठ केले. अवधूतने नऊ मिनिटांत ते परत फिरवलं. 'संदर्भ नाही.' नियमाने त्याचं बरोबरच होतं. सुरुचीताईंनी चर्चापानावर लिहिलं, की मी या लेखाची मध्यस्थी सोडते आहे. मी आता पंच राहिले नाही, साक्षीदार झाले आहे. इतक्या वर्षांत त्यांनी लोककोशावर 'मी' असा शब्द कधी लिहिला नव्हता.

गुणाजींची ती जबानी वेळणगडच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळाने आपल्या वार्षिक अंकात छापली. मंडळात त्यावरून खडाजंगी झाली, दोघांनी राजीनामे दिले, पण छापली. मग लेखात वाक्य आलं: 'चौकशी अहवालानुसार सात; गोळीबार करणाऱ्या एका शिपायाच्या जबानीनुसार आठ.' ते आजही तसंच आहे. गुणाजी आजोबा अजून आहेत. सकाळी बसतात, दुपारीही तेच असतात, आणि फारसं बोलत नाहीत.

अंकासाठी जबानी उतरवून घेताना सुरुचीताईंनी ते रेकॉर्डिंग गिरगावच्या घरी प्रथमच ऐकलं होतं. नंतर त्यांनी ते सीमाला आणि धनेशला ऐकवलं. सात नावं म्हातारा एकटा सांगतो. मग शांतता. पंख्याची घरघर. आणि मग 'बुधाजी' हे नाव एकदम दोन आवाजांत येतं, एक खरखरीत, आणि त्याच्या किंचित मागून, पटावर हजेरी दिल्यासारखा, दुसरा.

धनेशने ते परत लावायला हात पुढे केला. सीमाने त्याचं मनगट धरलं. "नको," ती म्हणाली. "त्यांचं झालंय बोलून."