पंतप्रधानांची सर्दी

ओनोरीनने गरम मोहरीचा लेप फडक्यावर पसरला, कोपर टेकवून त्याची धग पाहिली आणि भावाच्या उघड्या छातीवर दाबून बसवला. अन्सेल्म कुर्ताद, फ्रान्सचा पंतप्रधान, दात आवळून पडून राहिला.

"भाजतंय?"

"थोडं."

"भाजायलाच हवं. त्याशिवाय कफ सुटत नाही."

कफ नव्हताच. साधी शिंकही आलेली नव्हती. त्या दुपारी सिनेटमध्ये बायकांच्या मताधिकाराचं विधेयक आलं होतं आणि सरकारतर्फे त्याने स्वतः बोलायचं ठरलं होतं. पण आदल्याच आठवड्यात काही म्हातारे सिनेटर त्याच्याकडे जेवून गेले होते. नासपती सोलता सोलता त्यांच्यातला एक म्हणाला होता, "अंदाजपत्रक आम्ही पार पाडून देऊ, कुर्ताद. तुम्ही फक्त त्या दिवशी आजारी पडा." सगळे हसले होते. तोही हसला होता.

ओनोरीन शाळेतून रजा काढून, मैत्रिणीला, बास्तीदबाईंना, सोबत घेऊन, त्याचं भाषण ऐकायला त्यांच्या गावाहून, कास्तेरीव्हहून, पॅरिसला येईल, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आम्ही वर सज्जात बसलो होतो," ती म्हणाली. स्वरात तक्रार नव्हती. "तुझी जागा रिकामी. मग कुणी मंत्री उठला आणि म्हणाला, पंतप्रधान अंथरुणाला खिळलेत. त्यानंतर एक म्हातारा बोलला, बायका मत द्यायला निघाल्या तर रविवारचं सूप कोण ढवळणार? काय हसले रे सगळे! आणि पडलं विधेयक. बास्तीद जिन्यातच रडायला लागली. मी म्हटलं, आधी अन्सेल्मला बघू. लहानपणापासून त्याची छाती कच्ची."

आई गेल्यावर त्याला हिनेच वाढवलं होतं. त्याचं पहिलं गाजलेलं भाषणही हिनेच लिहून दिलं होतं. महायुद्धात पुरुष खंदकात होते तेव्हा नांगर, टपाल आणि शाळा कुणी चालवल्या, असं विचारणारं. त्या भाषणाला सारं सभागृह उठून उभं राहिलं होतं. तिथून तो मंत्री झाला, मग दोनदा पंतप्रधान.

ओनोरीनने त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ गार होतं. अन्सेल्मने डोळे मिटून घेतले. मग तिने हात उचलला, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि दिवा बारीक केला.

अंदाजपत्रक पार पडलं. सरकार तरीही टिकलं नाही. गव्हाच्या भावावरून ते कोसळलं आणि पुढच्या वसंतात अन्सेल्म पुन्हा उमेदवार म्हणून कास्तेरीव्हच्या गल्ल्यांतून मतं मागत फिरू लागला.

गावाचं मतदान मुलींच्या शाळेत व्हायचं, ओनोरीनच्याच वर्गात. बाक तिनेच भिंतीला लावले होते, मतपेटी तिच्याच टेबलावर होती. रविवारी सकाळी ती भावाबरोबर दारापर्यंत आली आणि दरवेळेसारखी त्याची टोपी हातात घेऊन बाहेर थांबली.

अंगणात बास्तीदबाई उभ्या होत्या. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"काय साहेब, प्रकृती कशी आहे? ती सर्दी बरी झाली का?"

माना वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. "भलती वेळ साधून आली होती हो!" रांगेतला खोगीरवाला म्हणाला.

गप्प राहता आलं असतं. पण इतकी वर्षं सभागृहात मुरलेली जीभ त्याच्या आधीच उठली.

"माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या बहिणीला विचारा. उशाशी तीच होती."

बोलून झालं तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं ते.

सगळे ओनोरीनकडे बघू लागले. त्यांच्या बायकांना, लेकींना हिनेच अक्षरं शिकवली होती. हिला खोटं बोलताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. तिने टोपी दोन्ही हातांत धरली, एकदा बास्तीदबाईंकडे बघितलं.

"लेप मीच लावला," ती म्हणाली. "छाती लालबुंद झाली होती."

तेवढं पुरलं. रांग सैलावली, कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. बास्तीदबाईंनी हातमोज्याचं बटण लावलं आणि मैत्रिणीचा निरोप न घेताच फाटकाबाहेर पडल्या. गेली कित्येक वर्षं शाळा सुटल्यावरची कॉफी त्या दोघी एकत्रच घेत असत.

आत, पडद्याआड, स्वतःच्या नावाची चिठ्ठी पाकिटात घालताना अन्सेल्मचे कान तापले होते.

संध्याकाळी तो निवडून आला. बँड वाजला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. कशीबशी सुटका करून घेऊन तो वर्गात परतला, तेव्हा तंबाखूचा धूर जावा म्हणून ओनोरीनने खिडक्या सताड उघडल्या होत्या आणि ती एकटीच बाक ओढत होती. त्याने दुसरं टोक धरलं.

"ताई, त्या दिवशी मला..."

"दुसऱ्या रांगेत. उचलून घे, पाय घासतोय."

बाक जागेवर बसला. तो उभाच राहिला.

"मला सांगू तरी दे."

"सांगून तू मोकळा होशील, अन्सेल्म," ती पुढच्या बाकाकडे वळत म्हणाली. "मी बास्तीदकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

दोघांनी मिळून उरलेले बाक लावले. मग तिने त्याच्यापुढे डस्टर धरलं.

"फळा पूस. उद्या मुलींना लागेल."

फळ्यावर निकाल लिहिलेला होता. त्याने खालून सुरुवात केली, हरलेल्यांपासून. बाहेर लोक त्याच्या नावाने ओरडत होते. वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, तेच नाव होतं. त्याने त्यावरून डस्टर फिरवलं. खडूची भुकटी कोटाच्या बाहीवर उतरली.

"नीट पूस," मागून ओनोरीन म्हणाली. "अजून वाचता येतंय."