चाळीस ताग्यांची पारख

समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याचं पत्र वाचून दादा मटकन खुर्चीत बसला. जवसाच्या धाग्याचं अस्सल लिनन म्हणून पाठवलेल्या मालात कापसाचं सूत मिसळलंय, चाळीसच्या चाळीस तागे परत पाठवतोय, असं त्यात लिहिलं होतं.

"पडत्या भावात देऊन टाकू," दादा म्हणाला. "निदान ब्याद तरी टळेल."

"आणि पुढच्या वेळी आपल्याला दारात कोण उभं करेल?" त्याच्या धाकट्या बहिणीने विचारलं. त्यांच्या विणकामाच्या कारखान्यात मागावरून उतरलेला प्रत्येक तागा तीच तपासायची. तिथे सगळे तिला ताई म्हणत, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचा रंगारीसुद्धा. पाठवलेल्या प्रत्येक ताग्याची वीतभर पट्टी ती कपाटात जपून ठेवत असे.

तिने चाळीसही पट्ट्या बाहेर काढल्या, खळ जाईपर्यंत गरम पाण्यात धुतल्या आणि वाळवल्या. मग खिडकीशी बसून एकेकीवर तेलाचा थेंब सोडू लागली. लिननवर तेल पडलं की ते काचेसारखं आरपार दिसतं, सूत मात्र ढिम्म राहतं. सदतीस पट्ट्या लख्ख उजळल्या. उरलेल्या तीन पट्ट्यांवर उजेडात आडव्या काळपट रेघा उमटल्या.

ताईने त्या तीन पट्ट्या बाजूला काढल्या. तिच्या नजरेखालून हे निसटलं होतं.

"दादा, हा आडवा धागा कुठला?"

दादाने आधी कानावर हात ठेवले. ती पट्ट्या पुढे धरून समोर उभी राहिली. शेवटी तो पुटपुटला, "नेहमीच्या पुरवठादाराकडचा धागा संपला होता. दुसऱ्याकडून थोडा घेतला. तो म्हणाला, शुद्ध आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

तिने तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला. दादा खुणेने नको नको म्हणत राहिला.

"तीन ताग्यांत सूत आहे, चूक आमची," म्हणत तिने पट्ट्यांवरचे ताग्यांचे क्रमांक वाचून दाखवले. "बाकीचे सदतीस अस्सल आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येकाचा तुकडा धुऊन त्यावर तेल टाका आणि उजेडात धरा."

"माझ्या माणसाने वरचे तीनच तागे तपासले होते, नेमके हेच," पलीकडून जरा ओशाळलेला आवाज आला. "बाकीचे बघून कळवतो."

चार दिवस दादा कारखान्यात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. ताई मात्र दोन्ही कोठारांत साठवलेल्या धाग्याची लडी न् लडी उलगडून तपासत होती. तो दुसरा धागा सापडला, तसा तिने बाजूला काढून दाराबाहेर ठेवला.

पाचव्या दिवशी निरोप आला. सदतीस तागे ठेवून घेतले होते, तीन परत निघाले होते. पुढच्या मालावर तपासणाऱ्या बाईंची सही हवी, एवढीच अट होती.

दादाने निरोप दोनदा वाचला. "उद्या धागा बघायला जायचंय," तो म्हणाला. "चलशील?"

"सकाळी लवकर निघू," ताई म्हणाली आणि मागावरचा नवा तागा तपासायला गेली.