गप्प बसलेल्यांचा कौल

लाँड्रीचं शटर अर्धंच उघडलेलं होतं, तरी सिस्टर वाकून आत आल्या. दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. आता त्या नागरिक मंडळ चालवत होत्या. मंडळ म्हणजे तरी काय, शाळेमागची एक खोली, काही प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सिस्टरांचा घसा!

"भाऊ, आज सुनावणी आहे. विसरला नाहीत ना?"

लाँड्रीवाल्यांनी इस्त्रीवरून मान वर केली नाही. "कसली सुनावणी?"

"मागच्या गोदामाची. त्यांना शेड वाढवायचीय. त्या पिंपांत काय असतं, ते आजवर आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. आता त्याच्या दुप्पट येतील. लोकांनी समोर येऊन हरकत घेतली, तर परवानगी अडते."

"माझ्या एकट्याच्या येण्याने असा काय फरक पडणार आहे, सिस्टर? हॉटेलच्या चादरी दुपारी पोचवायच्यात. सभा-बिभा म्हणजे रिकामटेकड्यांची कामं. तुम्हाला नाही म्हणत हो!"

"म्हणालात तरी चालेल." सिस्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "दवाखान्यात मी एक गोष्ट शिकले, भाऊ. ओरडणारा पेशंट गप्प पडला की नातेवाइकांना वाटतं, आता आराम पडला. आम्हाला मात्र तेव्हाच धास्ती वाटायची. आपली गल्ली हल्ली फार गप्प झालीय."

गल्ल्यावर बसलेली मुलगी उठली. "बाबा, मी जाऊ?"

"तू पावत्या फाड."

आतून बायकोचा आवाज आला, "यांना काय सांगताय सिस्टर? मतदानाच्या दिवशीसुद्धा हे पांघरूण घेऊन झोपतात. म्हणे, सुट्टी आहे!"

लाँड्रीवाले हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्या तशाच वाकून बाहेर पडल्या.

त्या सुनावणीत काय झालं ते संध्याकाळी सगळ्या गल्लीला कळलं. मंडळाकडून सिस्टर, एक पेन्शनर आणि बालवाडीच्या बाई एवढेच गेले होते. पुढच्या सगळ्या रांगा मात्र भरलेल्या होत्या. गोदामाच्या मालकाने गाड्या भरून आपली माणसं आणली होती. नगरपालिकेतला त्या प्रभागाचा सभासद म्हणजे मालकाचा सख्खा मेहुणा. त्याने विचारलं, "कोणाची हरकत?" सिस्टर उभ्या राहून बोलल्या. पुढच्या रांगांतली माणसं मागे वळून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. "एक हरकत नोंदवली, बाकी सर्वांची संमती," असं म्हणून सभासदाने सभा संपवली.

शेड उभी राहिली. भराभर उभी राहिली. झाकलेले ट्रक भरदिवसा येऊ लागले, आणि माल उतरवणारी माणसं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. हळूहळू गल्लीत काहीतरी बदलत गेलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. लाँड्रीच्या पायरीवर उन्हाला येऊन बसणारी मांजर दिसेनाशी झाली. कुंपणावरचा वेल एका बाजूने, गोदामाच्या बाजूने, करपला. मग गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर बारीक पिवळे ठिपके पडू लागले. लाँड्रीवाल्यांनी नीळ बदलली, साबण बदलला, पाणी दोनदा गाळून घेतलं. तरी ठिपके पडतच राहिले. एकदा त्यांनी एका ठिपक्यावर बोट फिरवलं, तर तिथे कापड विरलं आणि नख आरपार गेलं!

"अहो, हे कापडाचं असं होतंय," बायको चादर उजेडात धरून म्हणाली, "मग आपल्या छातीत काय होत असेल?"

लाँड्रीवाल्यांनी चादर तिच्या हातून घेतली आणि घडी घालून खाली ठेवून दिली. मुलगी त्या आठवड्यापासून मंडळात जाऊ लागली. ते रागावले, पण अडवलं नाही.

मग तो दिवस उजाडला. दुपारची वेळ होती. वारा अगदी पडलेला. गोदामाच्या बाजूने आधी एक धप्प असा आवाज आला, आणि भिंतीवरून पिवळसर धूर खाली उतरू लागला. हो, वर न जाता खालीच उतरत होता. जमिनीलगत सरकत तो बालवाडीच्या दिशेने निघाला. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. लाँड्रीवाल्यांनीही शटर खाली ओढलं. फटीतून त्यांना दिसलं, तोंडाला ओला रुमाल बांधून सिस्टर धावत होत्या, आणि त्यांच्यामागे, देवा! त्यांची स्वतःची मुलगी! त्यांनी शटर वर ढकललं आणि तेही धावले.

लाँड्रीवाले दाराबाहेर पोरं घ्यायला उभे राहिले, आणि सगळी पोरं बाहेर निघाली. एकेकाला काखोटीला मारून काढलं. लाँड्रीवाल्यांच्या मुलीला सिस्टरांनी दारातूनच मागे लोटलं होतं, "तू बाहेर थांब, पोरं झेल," म्हणून. आत त्या एकट्या जात राहिल्या. शेवटच्या पोराला बाहेर देताना रुमाल सुटला होता. त्या पायरीवर बसल्या, काही बोलायला तोंड उघडलं, पण आवाज बाहेर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी होती, 'किरकोळ गळती, जीवितहानी नाही'. डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टर जगतील. घसा मात्र आतून भाजलाय. आवाज परत येईल की नाही, सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात गोदामाचे मॅनेजर लाँड्रीत आले. गोरेगोमटे, मृदू बोलणारे, चेहऱ्यावर कायम हसू. त्यांनी एक सूट टेबलावर ठेवला.

"शेठ, जरा हलक्या हाताने करा. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे, साहेबांच्या मेहुण्यांच्या प्रचारात घालायचाय. आणि हो, साहेबांनी तुमचे आभार मानायला सांगितलंय."

"माझे? कशाबद्दल?"

"तुमचे म्हणजे तुमच्या गल्लीचे." मॅनेजर खुर्ची ओढून बसले. "लोकांना वाटतं, आम्ही आमच्या माणसांच्या जोरावर निवडून येतो. अहो, आमची माणसं अशी कितीशी? मूठभर! विरोधकही मूठभर. उरलेले सगळे तुमच्यासारखे सज्जन, घरी बसणारे. तेच आमचं खरं बळ. त्यांच्याकडे मत मागायला जावं लागत नाही, त्यांना आश्वासन द्यावं लागत नाही, नंतर ते काही विचारायलाही येत नाहीत. असे मतदार कोणाला मिळतात हो?"

लाँड्रीवाल्यांच्या हातातली इस्त्री अधांतरी राहिली.

"तेव्हा यंदाही मस्त आराम करा. आमची एवढीच विनंती." मॅनेजर उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. "मुलगी कशी आहे? मंडळात जाते ना ती? तब्येतीला जपायला सांगा. हवा चांगली नाही हल्ली."

ते गेले. आणि सांगायला लाज वाटते, पण लाँड्रीवाल्यांनी तो सूट घेतला. त्याला इस्त्री केली, चांगली परीटघडी घातली. हात सवयीने चालत राहिले. डोक्यात मात्र एकच वाक्य घुमत होतं, 'तेच आमचं खरं बळ.' म्हणजे इतकी वर्षं आपण कोणाच्याच बाजूचे नाही असं आपण समजत होतो, आणि प्रत्यक्षात आपण यांचेच होतो? ती पिंपं, तो धूर, बालवाडीचं ते दार, या सगळ्याला आपण होकार दिला होता? पांघरुणात झोपून?

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि भरल्या दुकानाला कुलूप लावून ते दवाखान्यात गेले.

सिस्टर उशीला टेकून बसल्या होत्या. लाँड्रीवाले खाटेशेजारी उभे राहिले, आणि मॅनेजरचं बोलणं त्यांनी अक्षर न् अक्षर सांगितलं. शेवटी म्हणाले, "सिस्टर, माझं चुकलं. आता तुमच्याशिवाय मंडळ कोण चालवणार? लोकांशी बोलणार कोण?"

सिस्टरांनी त्यांना जवळ बोलावलं. कुजबुजताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जात होत्या.

"तुमचा... आवाज... चांगला आहे."

"मी काय बोलणार? मला भाषण येत नाही."

"भाषण नको." त्या दम घ्यायला थांबल्या. "कोणाला मत द्या... ते सांगायचंच नाही. फक्त... या म्हणा. विचारा म्हणा."

इतकं बोलूनच त्यांना खोकल्याची उबळ आली. नर्सने लाँड्रीवाल्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीवाले कपडे पोचवायला स्वतः जाऊ लागले. गठ्ठा दारात ठेवायचा, आणि विचारायचं, "मतदानाला येणार ना?" पहिल्या दारातच उत्तर मिळालं, "माझ्या एकट्याच्या जाण्याने काय होणार, भाऊ?" स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांचे कान तापले. कोणी म्हणालं, सगळे सारखेच. कोणी म्हणालं, आम्हाला त्या लोकांशी वाकडं घ्यायचं नाही. कोणी दार लोटून घेतलं. आणि रोज, कुठल्या ना कुठल्या वळणावर, मॅनेजरची गाडी उभी असायची. काच अर्धी खाली. कोणी काही बोलत नसे. पण ज्या घरी लाँड्रीवाले जात, त्या घरी थोड्या वेळाने आणखी कोणीतरी जाई आणि म्हणे, "सहज आलो होतो. पोरं कोणत्या शाळेत आहेत?"

"बाबा, लोक घाबरतायत," मुलगी म्हणाली.

"मीही घाबरलोय. पण बेटा, त्यांची सगळी मदार आपल्या झोपेवर आहे, हे त्यांनीच मला सांगितलंय. झोप लागेल का आता?"

मंडळाने सगळ्या उमेदवारांना शाळेमागच्या खोलीत बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला: त्या पिंपांत काय आहे? मालकाचा मेहुणा आलाच नाही. दुसरा उमेदवार, एक तरुण वकील, म्हणाला, "निवडून आलो तर सुनावणी पुन्हा घेईन." त्याच्याबद्दल कोणालाच फारशी माहिती नव्हती.

मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्रासमोर शुकशुकाट होता. लाँड्रीवाले, त्यांची बायको आणि मुलगी, तिघंच रांगेत होते. समोरच्या फुटपाथवर मॅनेजर इस्त्रीचा सूट घालून उभे होते. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. मग कोपऱ्यावरून बालवाडीच्या बाई आल्या, त्यांच्यामागून पोरांच्या आया, कोणी काठी टेकत, कोणी कामाच्या कपड्यांत. ज्यांनी दार लोटून घेतलं होतं, त्यांतलेही काही आले, मान खाली घालून. काही आलेच नाहीत. रांग फाटकाबाहेर गेली आणि गल्लीच्या वळणापर्यंत पोचली. मॅनेजर रांगेकडे बघत राहिले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गल्लीने त्यांचा हसू नसलेला चेहरा पाहिला!

मालकाचा मेहुणा पडला. वकील निवडून आला, अगदी थोडक्यात. गल्लीत लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. संपली असती, तर मी ती सांगितलीही नसती. निकालानंतर काही दिवसांनी मुलगी धावत लाँड्रीत आली. "बाबा, नव्या सभासदाच्या बंगल्याबाहेर कोणाची गाडी उभी आहे, सांगा!"

लाँड्रीवाल्यांना विचारावं लागलं नाही. मॅनेजर हातात भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन आत गेले होते आणि तासाभराने हसत बाहेर पडले होते. म्हणजे, फक्त माणूस बदलला? लाँड्रीवाल्यांना आधी वाटलं, सगळे सारखेच, जाऊ दे. पण तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की हे 'जाऊ दे'च तर मॅनेजरना हवंय. वकिलाने कबूल केलेल्या सुनावणीची तारीख तर जाहीर झालीच होती, ते पुन्हा गठ्ठे खांद्यावर घेऊन निघाले. या वेळी दारोदार वेगळंच सांगायचं होतं, "मत दिलंत, आता सुनावणीला या. मत दिलंय, तर त्याच्यावर लक्षही ठेवा."

सुनावणीच्या दिवशी पुढच्या रांगांत गल्लीतली माणसं आधीच येऊन बसली होती. गाड्या भरून आलेल्यांना मागे भिंतीशी उभं राहावं लागलं. सिस्टरही आल्या, गळ्याला पट्टी बांधून. नवा सभासद आत आला. त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग समोर, आणि तो जागच्या जागी थांबला. हातातला कागद त्याने एकदा वाचला आणि घडी करून खिशात टाकला. त्या कागदावर काय होतं, कोणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

"कोणाची हरकत?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

लाँड्रीवाले उभे राहिले. "माझी. मागच्या वेळी मी घरी होतो. तेव्हा माझी संमती धरली गेली. ती मी आज परत घेतोय."

त्यांच्यामागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, एक, मग अनेक. सगळी सभा उभी होती! सभासदाने रुमालाने कपाळ पुसलं आणि गोदामाचा परवाना रद्द करण्याची शिफारस तिथेच जाहीर केली. मॅनेजर कधी निघून गेले, कोणाला कळलं नाही.

पिंपं एकदम हलली नाहीत. महिनाभर ट्रक येत होते, नेत होते, आणि वारा त्या बाजूने सुटला की अजून घसा खवखवायचा. सिस्टरांचा आवाज पूर्वीसारखा कधीच झाला नाही. आणि मॅनेजर आता दुसऱ्या एका प्रभागात, अशाच एका गप्प गल्लीमागे, जागा बघत आहेत म्हणतात.

ती गल्ली तुमची असेल. म्हणून सांगतो. आपण घरी बसलो म्हणजे आपण कोणाचेच नाही, असं समजू नका. न दिलेलं मतही मोजलं जातं, आणि ते नेहमी त्याच्या पदरात पडतं, ज्याला तुम्ही झोपलेले हवे असता. मतदानाला जा. आणि दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशी, सभा असेल तेव्हा, तिथे जाऊन बसा. फार काही करावं लागत नाही. फक्त तुमची खुर्ची दुसऱ्या कोणाला भरू देऊ नका!