कपाटाच्या काचेत

"वार्षिक तपासणी आहे, नेहमीचीच," असं मुकादम दोनदा म्हणाला, तेव्हाच विणकराच्या मनात पाल चुकचुकली. नेहमीच्या गोष्टीला कोण कशाला नेहमीची म्हणेल? कान गेले असं ठरलं की माणसाला मागावरून उठवतात आणि गोदामात झाडू देतात, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. आणि त्याचे कान गेले होते. मागांच्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलत, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्याही नाही. तीही हल्ली घरात फारशी बोलत नसे. तिच्या मनात काय आहे, याचाही त्याला संशय होताच.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई गोड बोलत होत्या. गोगलगाय अन् पोटात पाय! त्यांनी वजन केलं, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघितला, जीभ बाहेर काढायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारली. दर वेळी काहीतरी लिहायच्या आणि हसायच्या. गुडघ्यात हसण्यासारखं काय असतं? त्याला मनस्वी राग आला.

"आता भिंतीकडे तोंड करून बसा. मी मागून एकेक शब्द म्हणेन, तो तुम्ही म्हणायचा."

भिंतीशी औषधांचं काचेचं कपाट होतं आणि काचेत डॉक्टरबाई अख्ख्या दिसत होत्या. देवच पावला म्हणायचा.

"खिडकी," तो म्हणाला. मग "पाऊस". मग "चाळीस".

बाई जरा थांबल्या. पुन्हा त्यांचे ओठ हलले.

"टोपली!" तो ऐटीत म्हणाला.

बाई त्याच्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. "हा शब्द मी आवाज न काढताच म्हटला होता."

"सापळा लावलात!" तो ओरडला. "मुकादमानं कान भरले ना तुमचे?"

"कुणी नाही भरले. तुम्ही आल्यापासून एकदाही माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाहीत. नुसते ओठांकडे बघताय. हे मला लिहावं लागेल, काका."

ओरडणं ऐकून, त्याच्यासोबत येऊन बाहेर बसलेली बायको धावत आत आली आणि त्याच्या पाठीशी उभी राहिली. डॉक्टरबाईंनी तिला सगळं सांगितलं. काचेत तिचे ओठ हलले.

"म्हणजे मी स्वयंपाकघरातून हाका मारायचे, तेव्हा तुम्ही रुसलेले नव्हतात?"

तो वळला. आता गोदामाचं भय कुठल्या कुठे गेलं होतं.

"तू हाका मारायचीस?" त्याने विचारलं.