एक मिनिट बारा

दारिलिनने पलंगावरची रजई ओढून दाराखालच्या फटीत कोंबली, खिडकी लावून घेतली आणि ॲम्पचं बटण आणखी थोडं मागे फिरवलं. रविवारची दुपार कलली होती. नवरा चर्चच्या बैठकीला गेला होता, शेजारीपाजारी प्रार्थनेला. तिच्या मुलीने, रिदाहुनने, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून असा उभा केला होता की त्यात फक्त गिटार आणि आईचे दोन हात दिसावेत.

“मेई, हनुवटी दिसतेय. मागे सर.”

“हनुवटीवरून कोण ओळखणार आहे मला?”

“अख्खा इऊदुह ओळखेल.”

हे मात्र खरं होतं. शिलाँगच्या इऊदुह बाजारात, सुक्या मासळीच्या गल्लीत, दारिलिन बावीस वर्षं बसत होती. तिचा आवाज, तिची हनुवटी आणि कमी तोलणाऱ्यांबद्दलची तिची मतं सगळ्या गल्लीला पाठ होती. ती गिटार वाजवते, हे मात्र घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. ती मुकाट्याने वीतभर मागे सरकली.

फोनवर गिटारवाल्यांचा एक ग्रुप होता. खासी टेकड्यांतले आणि इथून बाहेर गेलेले असे नऊशे जण त्यात होते. दर महिन्याला ग्रुप चालवणारा शेम्फांग, ज्याला सगळे बाह म्हणजे दादा म्हणत, ड्रम आणि बेसचा दोन मिनिटांचा एक तुकडा टाकायचा, आणि ज्याने त्याने आपापल्या घरी त्याच्यावर आपला लीड, म्हणजे पुढची मुख्य धून, वाजवून शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत ग्रुपवर ठेवायचा. ग्रुपचा एक नियम फार कडक होता. कौतुकाचे शब्द लिहायचे नाहीत. मस्त, जबरदस्त असलं काही लिहिलं की शेम्फांग ते लगेच पुसून टाकी. ऐकताना ज्या क्षणी अंगावर काटा आला तो क्षण लिहायचा, मिनिट आणि सेकंद, बस्स. काटा नाही आला तर गप्प बसायचं.

चार वर्षं दारिलिन हे नुसतं वाचत होती. एकही वेळ न मिळालेली बिचारी वादनं तिने पाहिली होती आणि प्रत्येकदा स्वतःच लाजून फोन ठेवला होता. तिला एक वेळ हवी होती. कुणाचीही चालली असती, असं ती मुलीला सांगे. पण खरं सांगायचं तर तिला ती कितबोककडून हवी होती.

कितबोक तिचा सख्खा थोरला भाऊ. गुवाहाटीला राहायचा, आणि लीड वाजवणाऱ्यांत त्याचं नाव असं होतं की पोरं त्याच्या बोटांचे व्हिडिओ हळू करून बघत. तोही त्या ग्रुपवर होता. वर्षातून दोनतीनदाच तो कुणाला वेळ लिहायचा, आणि ज्याला मिळायची तो महिनाभर हवेत असायचा. याच कितबोकने ती तेरा वर्षांची असताना तिला सांगितलं होतं, “तुझा हात रिदमचा आहे, दारी. लीडला वेगळी जिगर लागते.” मग तो पुढे उभा राहिला आणि ती मागे साथीला कॉर्ड धरून बसली. लग्न झालं, दुकान आलं, मुलगी झाली, तरी ती मनातून मागेच बसलेली होती. आता तिला एकदाच त्याच्यापुढे लीड ठेवायचा होता, कुणाचा आहे ते न सांगता. बहीण म्हणून मिळालेली वेळ तिला नको होती.

म्हणून फक्त हात. आणि ग्रुपसाठी घेतलेल्या वेगळ्या नंबरावर नाव म्हणून रिदाहुनने लिहिलं होतं, तुंगताप. सुक्या मासळीची चटणी. दारिलिन आधी चिडली, मग हसली, मग तेच राहू दिलं.

सहा वेळा वाजवून झालं होतं. सातव्यांदा तिने बोटं पदराला पुसली, मान हलवली, ड्रम सुरू झाले आणि तिला पहिल्याच सुराला कळलं की आता जमतंय. हात सैल होता. जिथे थांबायचं तिथे थांबता येत होतं, आणि थांबताना भीती वाटत नव्हती. सूर असे येत होते की जणू कोणी आतून एकेक हातात देतंय आणि तिने फक्त पुढे करायचे. पहिलं मिनिट संपलं. शेवटच्या चढणीला दुसऱ्या तारेवरचा नववा पडदा दाबायचा होता, सरळ, स्वच्छ. बोट गेलं आठव्यावर, आणि तिथूनच तिने तार वर रेटली. सूर तोच आला, पण चढत, कण्हत आला. दारिलिनने ओठ चावला, तरी शेवटपर्यंत वाजवलं.

“परत,” ती म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं. नवरा आणि त्याच्यासोबत चर्चचे आणखी चौघे, चहाला.

“मेई, आठवं होणार नाही. हेच टाकू.”

“नवव्या पडद्यावर चुकलंय.”

“मला तर कळलंच नाही.”

“तुला कशाला कळेल? त्यांना कळेल.”

सहाला दहा मिनिटं होती. बाहेरच्या खोलीत कप वाजत होते, कोणीतरी मोठ्याने देवाचे आभार मानत होतं. दारिलिनने फोन मुलीच्या हातातून घेतला, डोळे मिटले आणि स्वतःच्या अंगठ्याने बटण दाबलं. मग चहा ओतायला गेली. पाहुण्यांना त्या दिवशी दोनदा साखर पडली.

सोमवारी सकाळी दुकानात मासळीचे ढीग लावून झाल्यावर तिने फोन उघडला. ‘तुंगताप’च्या खाली एक ओळ होती. १:१२. जोवायच्या कुणा अनोळखी माणसाची. तिने ती तीनदा वाचली. आली. तिला वेळ आली. तिने फोन टोपलीखाली ठेवला, एका गिऱ्हाइकाला मासळी तोलून दिली, त्यात मूठभर जास्त गेली हेही तिला कळलं नाही, आणि पुन्हा फोन काढला. १:१२. १:१२. कोणीतरी ०:४०. पुन्हा १:१२. दुपारपर्यंत एकवीस झाल्या, त्यातल्या सतरा एकाच जागच्या. दारिलिनचे कान गरम झाले. एक मिनिट बारा सेकंद म्हणजे ती चूक. तिने जिथे ओठ चावला होता तिथे सतरा जणांच्या अंगावर काटा आला होता.

शेजारची क्वाई, म्हणजे पानसुपारी, विकणारी कोंग थेई पान लावता लावता तिच्याकडे बघत होती. सकाळपासून हसतेयस, या वयात कुणाची चिठ्ठी आली, असं तिने गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. दारिलिनने तिला क्वाईचं पान मागितलं आणि ते तोंडात कोंबून उत्तर टाळलं. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. पन्नाशीला आलेल्या बाईला बाजारात असं ओरडता येत नाही, म्हणून ती नुसतीच पाय हलवत बसली.

तीनच्या सुमाराला मावलाईच्या बाजोप नावाच्या एका पोराने लिहिलं, “बाह तुंगताप, १:१२ला काटा येणारच. ती ओढ बाह कितबोकची आहे. आठव्यावरून नववा. त्यांच्या प्रत्येक लीडमध्ये आहे. चोरायची तर निदान सांगून चोरा.” आणि खाली कितबोकचं नाव जोडलं होतं, म्हणजे त्याला ते दिसेलच.

त्यानंतर वेळा येणं थांबलं. सगळे कितबोकची वाट पाहू लागले.

दारिलिन घरी आली तेव्हा रिदाहुन दारातच उभी होती. ग्रुपवरचं तिनेही वाचलं होतं. चुलीशी बसून दारिलिनने मुलीला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली.

पा, म्हणजे दारिलिनचे वडील, वीज खात्यात तारा ओढायचे. त्यांनी जुन्या पलंगाच्या फळीतून मुलांसाठी इलेक्ट्रिक गिटार केली, जळलेल्या पंख्याची तार गुंडाळून तिचं कॉइल बनवलं. गिटार झाली झकास, पण दुसऱ्या तारेवरचा नववा पडदा मुका राहिला. दाबला की नुसतं टक. कितबोक तो सूर सोडूनच वाजवायचा. एके दिवशी तो घरी नसताना दारिलिनने आठव्यावर बोट ठेवून तार वर रेटली, आणि तो हरवलेला सूर आला. सरळ नाही, चढत आला. ती दुपारभर तेच करत बसली. मागे वळून पाहिलं तर कितबोक दारात उभा. पुढच्या शनिवारी शाळेच्या सभागृहात त्याने तो सूर लीडमध्ये घेतला, तेव्हा लोक उठून उभे राहिले. ती त्याच्या मागे कॉर्ड धरून बसली होती. पुढे गिटार त्याच्यासोबत गुवाहाटीला गेली. तिच्या आताच्या गिटारीचे सगळे पडदे बोलतात, पण हात त्या दुपारीच शिकलेला.

“मग लिही हे,” रिदाहुन उसळून म्हणाली. “आत्ता लिही.”

“लिहिलं तर नऊशे माणसांसमोर तो चोर ठरतो.”

“आणि नाही लिहिलं तर तू.”

दारिलिनने लाकडं पुढे सारली. मुलीने मग निदान ते काढून तरी टाक म्हटलं, तेव्हा मात्र तिने मान वर केली. काढणार नाही, ती म्हणाली. काढलं तर कबूल केल्यासारखं होईल. माझं आहे ते, राहू दे तिथे. स्वतःच्या तोंडून ‘माझं’ हा शब्द ऐकून ती जरा दचकली. इतक्या वर्षांत तिला कधी राग आला नव्हता. आता तो आला आणि तिला त्याचं बरंच वाटलं.

मंगळवार तसाच गेला. कितबोक ग्रुपवर येऊन गेल्याची खूण दिसत होती, उत्तर नव्हतं. बाजोपने आणखी दोनदा टोचलं. दारिलिनने फोन शंभरदा पाहिला आणि नवऱ्याच्या जेवणात मीठ घालायला विसरली.

बुधवारी सकाळी दहाच्या आसपास, बाजार ऐन भरात असताना, फोन टोपलीखाली थरथरायला लागला आणि थांबेचना. तिने हात पुसून तो काढला. कितबोकने लिहिलं होतं.

“बाजोप, चोरी झाली आहे हे तू बरोबर ओळखलंस. चोर मी आहे. साल एकोणनव्वद. १:१२.”

बाकी काही नाही. खाली ग्रुप नुसता पेटला होता. कोणाकडून चोरली, हा तुंगताप कोण, बाह तुंगताप तुम्ही आहात कुठे. थांबलेल्या वेळा पुन्हा धो धो यायला लागल्या होत्या, बाजोपचीसुद्धा होती. कितबोकने पुढे एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

दारिलिन पाटावर बसली ती बसलीच. एक गिऱ्हाईक दोनदा हाक मारून निघून गेलं. इतक्यात फोन पुन्हा थरथरला. या खेपेला ग्रुप नव्हता, ‘तुंगताप’ही नव्हता. तिचा रोजचा नंबर होता, ज्याच्यावर भावाकडून दरवर्षी नाताळचं एक चित्र यायचं आणि बाकी वर्षभर काही नाही. कितबोकने आवाजाची एक फाइल पाठवली होती. सोबत एक अक्षरही नव्हतं.

तिने कानात इअरफोन घातले. कितबोकची गिटार वाजू लागली. कॉर्ड होत्या, संथ, भरदार, एकसारख्या. ती लीडची वाट पाहू लागली. तो असाच करायचा, आधी जमीन तयार करायची आणि मग वरून झेप घ्यायची. चार ओळी गेल्या. आठ गेल्या. कॉर्ड बदलत होत्या, चढणीला जरा वर येत होत्या, परत खाली बसत होत्या, आणि वर सगळी जागा मोकळी होती. त्याने झेप घेतलीच नाही. दोन मिनिटांनी कॉर्ड थांबल्या आणि फाइल संपली.

दारिलिनने ती पुन्हा सुरू केली. या वेळी तिची डाव्या हाताची बोटं तराजूच्या दांडीवर आपोआप सरकू लागली होती. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने इअरफोन काढले, मासळीवर गोणपाट टाकलं आणि तराजू उलटा करून ठेवला.

कोंग थेईच्या हातातलं पान तसंच राहिलं. बुधवारी दहा वाजता इऊदुहमध्ये दुकान झाकणं म्हणजे घरात कोणी तरी गेलं, असंच गल्ली समजते.

“काय झालं गं? कोण गेलं?” ती हळू आवाजात म्हणाली.

“कोणी नाही. माझ्या दुकानाकडे बघ जरा. घरी जाते.”

“आत्ता? घरी काय आहे?”

“गिटार आहे,” दारिलिन म्हणाली. हे तिने बाजारात पहिल्यांदाच उच्चारलं होतं, तेही जरा मोठ्यानेच, त्यामुळे पलीकडच्या दोघीतिघी वळल्या. “भाऊ रिदम धरून बसलाय. लीड माझा आहे.”