डहाणूला न पोचलेला पिवळा रंग

मित्रांनो, लोक मला भंगार म्हणतात, पण बटण दाबले तर मी आजही चालू होईन. मी एक जुना संगणक आहे. तलासरीजवळच्या एका पाड्यावर एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे. तिथल्या सामानाच्या खोलीत, सलाईनच्या रिकाम्या खोक्यांवर मी पडून असतो. दार सहसा उघडेच असते, म्हणून बाहेरच्या बाकावरची माणसे मला दिसतात.

डहाणू स्टेशनजवळच्या एका दुकानात निरनिराळे भाग जोडून मला उभे केले. दुकानदाराने माझ्या पडद्यावर नरपडच्या समुद्राचा फोटो लावून पाहिला आणि म्हणाला, "कलर मस्त आहे." ते माझे पहिले कौतुक. मग संस्थेने मला विकत घेतले आणि मी या पाड्यावर आलो.

इथे मनोरमा सिस्टर एकटीच दवाखाना सांभाळत असे. डॉक्टर जानी डहाणूला बसत. सिस्टर रुग्णाचा फोटो काढून माझ्या पडद्यावर उघडत असे आणि माझा तोच पडदा डॉक्टरांना तिकडे त्यांच्या संगणकावर दिसे. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. बुधीबाईच्या पायाची चिघळलेली जखम डॉक्टरांनी अशीच पाहिली, औषध सांगितले, पाय वाचला. विवळवेढ्याच्या देवीच्या यात्रेहून परतल्यावर बुधीबाईने माझ्यावर हळदकुंकू वाहिले. सिस्टरने की-बोर्ड तेवढा पुसून घेतला.

मग रस्त्याच्या कामात इंटरनेटची तार तुटली. ती पुन्हा जोडली गेलीच नाही. मोबाइलच्या नेटवर काम सुरू झाले आणि तिकडे फोटो पट्ट्यापट्ट्यांनी, रखडत उमटू लागले. डॉक्टर वैतागत. शेवटी संस्थेने मुकेशला पाठवले. तो संगणक दुरुस्त करणारा. त्याने माझ्या पडद्यावरचे शोभेचे चित्र काढले, पडद्यावर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चौकटींची हालचाल थांबवली. थोडाच फरक पडला. मग त्याने रंगांना हात घातला. मी लाखो छटा पाठवत होतो. त्याने त्या दोनशे छप्पन्नवर आणल्या. मित्रांनो, रंगपेटीतल्या बहुतेक कांड्या काढून घ्याव्यात आणि उरलेल्यांत चित्र रंगवायला सांगावे, तसे ते होते. माझ्या पडद्यावर सगळे रंग तसेच राहिले. कमी झाले ते फक्त डहाणूला जाणाऱ्या चित्रातले.

"सर, आता पळतोय ना?" मुकेशने फोनवर विचारले. "कलर जरा कमी केलेत."

"फोटो दिसतो ना? मग झालं," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर तेव्हा बाहेर लस टोचत होती. तिला कोणी काही सांगितले नाही. कोणते रंग गेले, हे डॉक्टरांनीही विचारले नाही. माझ्या वेगाचे मात्र सगळ्यांनी कौतुक केले.

पुढच्याच आठवड्यात शुक्री आपली तान्ही मुलगी घेऊन आली. "बाई, ही पीतच नाय. नुसती निजून रहते," ती म्हणाली. सिस्टरने बाळाला खिडकीपाशी नेले, कपाळावर, मग पोटावर बोट दाबून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. रुग्णांचे फोटो मोबाइलवरून पाठवायचे नाहीत, असा संस्थेचा नियम होता. तिने फोटो माझ्यावर उघडला आणि डॉक्टरांना फोन लावला.

"सर, बाळ पोटापर्यंत पिवळं दिसतंय."

"मी पण तोच फोटो बघतोय, सिस्टर. मला तर रंग ठीक वाटतो."

"ठीक नाही, सर. माझ्या समोर आहे ती."

"तुमच्या खोलीत पिवळा बल्ब असेल."

"खिडकीतल्या उजेडात काढलाय, सर. गाडी पाठवता का?"

"मागे पण तुम्ही घाबरून दोन पेशंट पाठवलेत. काही निघालं नाही. अंगावर पाजू दे तिला, दोन दिवसांनी बघू."

माझ्या पडद्यावर ते बाळ हळदीसारखे पिवळे होते. डॉक्टरांच्या पडद्यावर ते फिकट, मातकट होते. दोघेही आपल्याला दिसत होते तेच सांगत होते आणि मला तोंड नव्हते. सिस्टरने फोन ठेवला. मग तिने शुक्रीला घरी पाठवले.

दोन दिवसांनी शुक्री परत आली तेव्हा बाळ धनुष्यासारखे मागे वाकून ताठ झाले होते आणि चिरक्या आवाजात रडत होते. आता कोणाला विचारायचे राहिले नव्हते. मोठ्या इस्पितळात त्याचे रक्त बदलले. बाळ जगले, पण कावीळ डोक्यात चढली होती. त्याचे कान गेले.

डॉक्टर जानी स्वतः पाड्यावर आले. तो फोटो त्यांनी माझ्या पडद्यावर उघडला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"मला हे असं दिसलंच नव्हतं," ते म्हणाले.

"मी सांगत होते, सर," सिस्टर म्हणाली.

संस्थेच्या बैठकीत ठरले की मशीन जुने झाले होते. मुकेश म्हणाला, रंग कमी केल्याचे मी सरांना सांगितले होते. डॉक्टर म्हणाले, मला नीट समजावले नव्हते. मग नवा संगणक आला आणि मुकेशने मला उचलून इथे टाकले.

सिस्टरने बैठकीत रंगांचे ऐकले होते. तिने त्याला विचारले, "नव्यात रंगांचं काय केलंस?"

"तेच ठेवलंय. नेट तेच आहे ना."

ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली. "बदल. मी बघतेय." त्याने बदलले. आता फोटो पुन्हा रखडत जातात आणि डॉक्टर ते पूर्ण उमटेपर्यंत थांबतात.

मित्रांनो, आम्हाला जरूर वेगवान करा, पण त्यासाठी आमच्यातून काय काढून घेतले ते विचारा आणि आमच्यासमोर बसणाऱ्या माणसाला ते सांगा. आणि जो माणूस रुग्णाजवळ उभा आहे, त्याचे म्हणणे आमच्या पडद्यापेक्षा आधी ऐका. काल शुक्री बाकावर बसली होती. मुलगी रांगत रांगत दाराकडे निघाली. शुक्रीने तिला हाक मारली नाही. ती उठली, वळसा घालून तिच्या पुढ्यात जाऊन बसली आणि तिने हात पसरले.